बैठकीची काठी

आमच्या तालुक्यातलं कुपोषण एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता संपलं. त्यासाठी कुणाच्या तोंडात एक घासही जास्तीचा घालावा लागला नाही. आहार मंडळाच्या संगणकात एक आकडा नऊ सेंटिमीटरनं खाली सरकवला, आणि सोमवारपर्यंत 'खुजी' असलेली अकरा हजार पोरं मंगळवारी 'वयानुसार योग्य' झाली. राजधानीत पेढे वाटले म्हणे.

मला हे कळलं ते भावाच्या फोनवरून.

"वनी, तुज्या मशीननं आमच्या ओजीचं अंडं खाल्लं."

मच्छिंद्रतात्या माझा थोरला भाऊ. माणदेशात, खडकओढ्याला राहतो आणि आमच्या नाथ गोसाव्यांच्या समाध्यांची देखभाल करतो. ओजी म्हणजे ओजस्वी, त्याची साडेतीन वर्षांची नात. बालवाडीत खुज्या मुलांना रोज एक अंडं, पेलाभर दूध आणि शेंगदाण्याचा लाडू मिळायचा. ओजी आता कागदोपत्री खुजी नव्हती, म्हणून बाईंनी तिच्या ताटलीतलं अंडं उचलून घेतलं. पोरगी ताटली घेऊन तशीच बसून राहिली.

"माझं मशीन कुठलं, तात्या?"

"मग कुणाचं? तळ्यातली हाडं तूच मोजलीस न्हवं?"

मी फोन ठेवला. हाडं मीच मोजली होती, आणि एकही माप चुकलेलं नव्हतं.

मी वनिता गोसावी. वय छप्पन्न, उंची चार फूट दहा इंच. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षं हाडं मोजते. 'मूर्ती लहान, कीर्ती महान' हे मला ऐकवणाऱ्या माणसांची मोजदाद मी कधीच सोडून दिली. कीर्ती कुठे आहे ते मात्र त्यांच्यापैकी एकानंही दाखवलं नाही.

माणूस गेला की त्याची उंची त्याच्या मांडीच्या हाडात शिल्लक राहते. हे हाड माणसाच्या उंचीच्या पाव हिश्श्याहून जरा जास्त असतं. पूर्वी आम्ही ते फळीवर ठेवून मोजायचो, मग तक्ते बघायचो, मग वाद घालायचो. चार वर्षांपूर्वी 'अस्थिवाचक' आलं. यंत्राच्या खाचेत मांडीचं हाड ठेवायचं, चाळीस सेकंदांत बाई की पुरुष, मरतानाचं वय आणि उंची पडद्यावर. वाद मिटले. वाद मिटले की मला आपली धास्ती वाटते, पण ते यंत्राला कोण सांगणार?

खडकओढ्याच्या तळ्यातला गाळ काढताना बंधाऱ्याखाली एक खड्डा सापडला होता. त्यात दोनशे बारा सांगाडे होते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात हे तळं खोदायच्या कामावर जी माणसं आली आणि तिथंच संपली, ती ही. अस्थिवाचकानं सांगितलं, पुरुष सरासरी पाच फूट एक इंच, बाया चार फूट नऊ. त्या पट्ट्यातले आजचे लोकही जवळपास एवढेच भरतात. अहवालात निष्कर्ष आला की इथली माणसं पिढ्यान् पिढ्या एवढीच आहेत, सबब ही त्यांची नैसर्गिक उंची, सबब त्यांच्या मुलांना वेगळं माप लावावं. मापक म्हणून खाली माझी सही होती. मी फक्त आकडे तपासले होते. 'सबब' तपासायचं काम माझं नाही, असं मला तेव्हा वाटलं. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

त्याच दुपारी मी डॉ. शाल्मली कारखानीसच्या खोलीत शिरले. अहवाल तिचा. आम्ही वीस वर्षं एकत्र डबा खातो.

"अकरा हजार पोरांचं जेवण बंद झालंय."

"जास्तीचं जेवण," शाल्मली म्हणाली. "आणि ते जिथे खरी गरज आहे तिथे जाईल. वनिता, बुटकं असणं हा आजार नाही. एका अख्ख्या पट्ट्याला आपण वर्षानुवर्षं कुपोषित म्हणून हिणवत आलो. त्यांची ठेवणच तशी आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आड कोरडा होता हे तू कशावरून म्हणतेस? तू फुटके पोहरे मोजलेस फक्त."

"म्हणजे?"

"त्या भागात मेलेल्यांना जाळतात. ज्यांच्या घरी खायला होतं, त्यांच्या घरी सरपणही होतं. ती माणसं जळाली, राख पाण्यात गेली. आपल्या हाती उरले ते खड्ड्यात लोटलेले. आणि गरिबाच्या घरी दुष्काळ काही एका सालात येत नसतो, तो आधीच मुक्कामाला असतो. जन्मभर उपाशी राहिलेल्यांची हाडं समोर ठेवून आपण म्हणतोय, ही माणसं मुळात एवढीच!"

शाल्मलीनं अहवालाची पानं पुन्हा उलटली. ती वाईट बाई नाही, हीच तर पंचाईत आहे.

"असेलही," ती म्हणाली. "मग त्याच गावातल्या, दुष्काळाआधी वाढलेल्या, पोटभर खाल्लेल्या माणसाचं हाड दाखव. सतरा तारखेला मंडळापुढे सुनावणी आहे. राख बघून मी अहवाल बदलू शकत नाही."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. म्हणून मला जास्त संताप आला.

पण तसली हाडं कुठे आहेत ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. आम्ही जाळत नाही. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, भोवती मीठ घालतात आणि तशीच समाधी देतात. खडकओढ्याच्या माळावर आमच्या घराण्याच्या एक्केचाळीस समाध्या आहेत. त्यातल्या जुन्या दहा-बारा दुष्काळाआधी वाढलेल्या माणसांच्या. तेव्हा आमच्याकडे मठाची जमीन होती, दावणीला म्हशी होत्या. दुष्काळात म्हशी गेल्या, मग जमीन गेली, आणि राहिली ती झोळी.

मी लगेच गाव गाठलं. शिरताना आधी भैरोबाचं देऊळ लागतं. सवयीनं घंटेची दोरी ओढली. घंटेला जुनी लोखंडी साखळी आहे. साखळीला आजोबांच्या काळात बांधलेली काथ्याची दोरी आहे, आणि त्या दोरीला तात्यानं जोडलेली निळी नायलॉनची दोरी. मी आजवर ती निळी दोरीच ओढत आले, वरच्या गाठींचा कधी विचार केला नाही.

तात्या माळावर गवत काढत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं विळा खाली ठेवला.

"न्हाय."

"एकच समाधी, तात्या. एक हाड मोजते, परत ठेवते."

"बसलेल्याला उठवायचं न्हाय. बानं सांगितलंय, बाच्या बानं सांगितलंय."

"आणि ओजीचं काय?"

"ओजीला मी माज्या ताटातलं घालीन. थोरामोठ्यांना उकरून काढून त्यांच्या हाडावर अंडं मागायचं व्हय? भीक मागितली आपल्या लोकांनी, पर अशी न्हाय मागितली."

"भीक? हक्काचं आहे ते! आणि तू एकटीला घालशील रे, बाकीच्या पोरांचं काय? तुझ्या ताटात आहे तरी काय?"

हे बोलायला नको होतं. तात्या उठला आणि घराकडे चालू लागला. पाच फूट एक इंच, पाठ ताठ. मीही हट्टानं मागे गेले. घरात तासभर तो चुलीशी बसला, मी दाराशी. ओजी मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

शेवटी तात्यानं आढ्याला खोचलेली एक सागाची काठी काढली आणि माझ्यापुढे टाकली.

"हाडं मिळायची न्हाईत. माप घे."

ती बैठकीची काठी. मी लहानपणी तिला हातसुद्धा लावलेला नव्हता, बायकांनी लावायची नसते म्हणून. समाधीचा खड्डा किती खोल घ्यायचा हे ठरवायला, गेलेल्या माणसाला बसवल्यावर जमिनीपासून टाळूपर्यंत ही काठी धरतात आणि तिथं खाच पाडतात. मग खाचेच्या वर एक हात सोडून खणतात. पुरुषाची साधी खाच, बाईच्या खाचेला फुली. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस खाचा. कुठली खाच कुणाची हे तात्याला पाठ होतं.

 सहा पिढ्यांच्या मापाची नोंद आढ्यात पडून होती आणि मी पुण्यात बसून तळ्यातला गाळ चिवडत होते. मोजपट्टी काढली. जुन्या खाचा वर असणार, नव्या खाली येत येत गेलेल्या असणार. मी मोजत गेले, आणि माझा चेहरा उतरत गेला.

सगळ्या खाचा एकाच जागी होत्या. पुरुषांच्या दोन बोटांच्या पट्टीत, बायांच्या त्याखाली तेवढ्याच पट्टीत. सहा पिढ्यांत काडीचा फरक नाही. म्हणजे शाल्मली बरोबर होती. आम्ही पहिल्यापासून एवढेच.

"काय झालं गं?"

"काही नाही. आडातच नव्हतं," मी म्हटलं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

तात्याला माझं रडणं कधी सोसत नाही. अशा वेळी तो थट्टा करतो, आणि त्याची थट्टा म्हणजे बाभळीचा काटा.

"ऊठ, भितीला टेकून बस. तुजी खाच आत्ताच बगून ठिवतो. मागनं धावपळ नगं."

"तात्या!"

"बस गं. आज ना उद्या बसायचंच हाय."

मी भिंतीला टेकून मांडी घातली. त्यानं काठी पाठीशी उभी धरली, टाळूवर तळहात ठेवला, आणि हसला.

"बरूबर भागूबाईच्या खाचेवर! केसभर इकडं न्हाय का तिकडं न्हाय. बघ, खापरपणजीची आई तू!"

"कोण भागूबाई?"

"आगं, उच्ची भागूबाई. टाच न उचलता भैरूबाची साखळी वडायची ती. आज्जा सांगायचा न्हवं?"

मी तशीच बसून राहिले. साखळी. काथ्याची दोरी नव्हे, निळी दोरी नव्हे, साखळी. ती माझ्या हाताला टाचा उचलूनही लागत नाही. मग जी बाई टाच न उचलता ती ओढायची, तिची आणि माझी खाच एक कशी?

"तात्या," मी म्हटलं, "ही काठी बसलेल्या माणसाची आहे."

"मग? उभ्या माणसाला कोण समाधी देतंय?"

एकतीस वर्षं हाडं मोजून जे मला दिसलं नाही, ते भावाच्या असल्या थट्टेनं दिसलं. लहानपणी पोर वाढतं ते मुख्यतः पायांनी. अन्न कमी पडलं की शरीर काटकसर करतं, पण सगळीकडे सारखी नाही. काळीज, यकृत, फुप्फुसं धडात असतात. ती आधी सांभाळायची असतात. घरात धान्य तुटलं की आई पोरांना वाढते आणि स्वतः पाणी पिऊन झोपते, तसे पाय उपाशी राहतात. पहिली चार-पाच वर्षं अशी गेली की धड जवळपास पुरतं भरतं आणि पाय आखूड राहतात ते कायमचे. मग त्या आखूड बाईच्या पोटी वजनानं कमी पोर जन्मतं, आणि तेच पुन्हा. एका पिढीचा दुष्काळ पुढच्या दोन-तीन पिढ्या पायांवर वागवतात.

काठीवरच्या खाचा हलल्या नव्हत्या याचा अर्थ आमची ठेवण बदलली नव्हती. बदलले होते ते पाय. आणि यंत्र मांडीच विचारतं, पाठ विचारत नाही. तळ्यातल्या सांगाड्यांचे मणके मी एक एक मोजून वहीत लिहिले होते. यंत्रात ते भरायला रकानाच नव्हता.

"तात्या, कुणाला उठवायचं नाही. बसल्या जागी बघितलं तर चालेल?"

त्यानं खाली बघितलं. ओजीनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं.

"बसल्या जागी बग," तो म्हणाला. "पर आदी इच्यारायचं. नारळ ठिवून."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला जाऊन संस्थेचा भूदर्शक आणला. हातगाड्याएवढं यंत्र, जमिनीवरून फिरवलं की खालच्या हाडाचं चित्र उमटतं, माप मिलिमीटरपर्यंत. परवानगी मागितली असती तर महिना गेला असता. नोंदवहीत मी माझं नाव लिहिलं आणि 'कारण' या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं.

दोन दिवस आम्ही माळावर होतो. तात्या प्रत्येक समाधीपुढे नारळ ठेवायचा, हात जोडून म्हणायचा, "बसा, बसा, उठू नगा. धाकटी मोजायला आलीय." मग मी यंत्र फिरवायची. मांडी घालून बसलेली माणसं पडद्यावर उमटत गेली. भागूबाईच्या मांडीचं हाड पंचेचाळीस सेंटिमीटर भरलं. उभी राहिली असती तर पाच फूट पाच. तिची सून दुष्काळात वाढलेली, एकोणचाळीस. तिथून पुढे सगळ्या तेवढ्याच. पाठीचा कणा मात्र पहिल्या समाधीपासून शेवटच्या समाधीपर्यंत सारखा. तळ्यातल्या बायांचे माझ्या वहीतले मणके जोडले, तेही भागूबाईएवढेच भरले.

सतरा तारखेला सुनावणीच्या दालनात मी पोचले तेव्हा मंडळाचे अध्यक्ष घड्याळ बघत होते. मोठं लांबलचक टेबल, पलीकडे सात जण. माझं नाव पुकारलं. मी टेबलाशी गेले, काठी समोर ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं.

"बाई, मंडळापुढे उभं राहून बोलायची पद्धत आहे," अध्यक्ष कागदातून मान वर करत म्हणाले.

"साहेब, मी उभीच आहे."

दोघं-तिघं हसले. अध्यक्ष ओशाळले. शाल्मली हसली नाही. मी त्या हसण्याची वाटच बघत होते असं नाही, पण आलं ते बरं झालं.

"हसून झालं असेल तर आता बसते," मी म्हटलं. शाल्मलीशेजारची खुर्ची ओढली आणि बसले, पाठ ताठ करून. "डॉक्टर कारखानीस पाच फूट चार इंच आहेत. मी चार फूट दहा. आता आमच्या दोघींची डोकी बघा आणि सांगा, सहा इंच गेले कुठे?"

हसणं थांबलं. शाल्मलीनं मान वळवली. तिचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर होते. वीस वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला, पण तेव्हा आम्ही कधी एकमेकींना मोजलं नव्हतं.

मग मी सगळं मांडलं. एक्केचाळीस समाध्या, दोनशे बारा सांगाडे, वहीतले मणके, काठीवरच्या खाचा. "ठेवण आमची तीच आहे," मी म्हटलं. "जे तुटलंय ते कमरेखाली, आणि ते निसर्गानं तोडलेलं नाही. पोट भरलं तर दोन-तीन पिढ्यांत ते परत येईल. पोराचं अंडं काढून घेऊन तुम्ही म्हणता, ही मुळातच बुटकी. तुमच्या स्वतःच्या नातवाला चार वर्षं अर्धपोटी ठेवा, साहेब, आणि मग सांगा त्याची नैसर्गिक उंची किती!"

"भाषा सांभाळा," कुणीतरी म्हणालं. "आणि हे यंत्र तुम्ही विनापरवाना नेलंत. हा पुरावा ग्राह्य कसा धरायचा?"

"मला काढून टाका. हाडं तिथंच बसलेली आहेत, तुम्ही परवानगी घेऊन जा. नारळ न्या फक्त."

शाल्मलीनं काठी उचलली. काही न बोलता ती माझ्यासमोर जमिनीवर उतरली, साडी सावरून तिनं मांडी घातली आणि काठी माझ्या हातात दिली. मी ती तिच्या पाठीशी धरली. तिची टाळू भागूबाईच्या खाचेच्या बोटभर वर आली, बायांच्या पट्टीत.

"मी अहवाल मागे घेते," ती जमिनीवरूनच म्हणाली. "मी उपाशी माणसं मोजली आणि त्यांना नमुना म्हटलं."

नऊ सेंटिमीटर तीन आठवड्यांनी परत वर गेले. आमचा तालुका पुन्हा कुपोषित झाला, आणि या वेळी पेढे खडकओढ्यात वाटले गेले. मला विनापरवाना यंत्र नेल्याबद्दल निलंबित केलं. शाल्मलीनं माझ्यासाठी पत्र लिहिलं आहे, बघू. डबा ती अजून दोघींचा आणते म्हणे, सवयीनं.

अंडं सुरू झालं त्या सोमवारी मी गावी होते. ओजी अंडं खाऊन, बोटं चाटत घरी आली. मी तिला कडेवर घेतलं आणि तात्याला घेऊन भैरोबाला गेले. देवळात म्हटलं, "तात्या, ती निळी दोरी सोड. काथ्याचीही सोड."

"सोडू? आन् मग घंटा वाजवायची कुणी? तुजा हात पोचतोय का माजा?"

"नाही पोचत. आणि म्हणून दरवेळी आपण दोरी जोडत गेलो. आता जोडायची नाही. ओजी वाजवेल, टाचा उचलून का होईना."

"तिला अजून पंदरा-सोळा वर्सं लागतील, वनी."

"मग तोवर भैरोबाला ताटकळू दे. त्यालाही कळू दे, कुणासाठी थांबायचंय ते."

 तात्या पुजाऱ्याच्या घरातून स्टूल घेऊन आला, त्यावर चढला, आणि दोन्ही गाठी सोडल्या.